पाण्यावरचा धूर : एका आगीचा पोवाडा

या धाग्यावर आपण आजवर किल्ले पाहिले, ताम्रपट वाचले, जुन्या पत्रांच्या मित्या जुळवल्या. आज तुमच्यासमोर एक तबकडी ठेवतो आहे. डीप पर्पल या इंग्रज वाद्यवृंदाची ‘मशीन हेड’, मार्च १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेली. इतिहासाच्या धाग्यात हार्ड रॉकचे काय काम, असे ज्यांना वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा. या तबकडीतील एक गाणे म्हणजे एका घटनेचे समकालीन, प्रत्यक्षदर्शींनी रचलेले साधन आहे. ते साधन म्हणून वाचायला मला कितीतरी वर्षे लागली, आणि त्या गाण्याशी माझा एक खासगी हिशेबही आहे. तो शेवटी सांगेन.

आधी घटना.

स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाशी माँत्रो हे शहर आहे. तेथील कॅसिनो १८८१ मध्ये उभा राहिला. तो जुगारघर होताच, पण त्यातील सभागृहही तितकेच नावाजलेले होते. क्लोद नोब्स या गृहस्थांनी १९६७ मध्ये सुरू केलेला जॅझ महोत्सव तेथेच भरत असे. नोब्स यांचे मूळ शिक्षण स्वयंपाक्याचे. पुढे ते शहराच्या पर्यटन कार्यालयात कामाला लागले आणि संगीताच्या वेडापायी महोत्सवाचे चालक झाले.

डीप पर्पलच्या मंडळींना नवी तबकडी बंदिस्त स्टुडिओत करायची नव्हती. मैफलीत जो जोर येतो तो स्टुडिओत मरतो, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून हिवाळ्यात बंद राहणारा हा कॅसिनो त्यांनी ठरवला आणि रोलिंग स्टोन्सच्या मालकीची, ट्रकमध्ये बसवलेली फिरती ध्वनिमुद्रणशाळा मागवली. डिसेंबर १९७१ च्या आरंभी ते माँत्रोत पोहोचले. कॅसिनो त्यांच्या ताब्यात येण्यापूर्वी त्या हंगामातला एकच कार्यक्रम उरला होता : फ्रँक झापा आणि त्यांच्या ‘मदर्स ऑफ इन्व्हेन्शन’ची मैफल.

शनिवार, ४ डिसेंबर १९७१. मैफल रंगात आली असताना प्रेक्षकांतील कोणीतरी फ्लेअर गन, म्हणजे संकटाचा इशारा देण्यासाठी जळता गोळा उडवणारे पिस्तूल, छताच्या दिशेने झाडले. छताला वेताबांबूचे काम होते. आग आधी रेंगाळली आणि मग पाहता पाहता पसरली. झापा यांनी श्रोत्यांना शांतपणे बाहेर पडण्यास सांगितले. संपूर्ण कॅसिनो जळून खाक झाला, पण त्या गर्दीतला एकही माणूस दगावला नाही. झापा यांच्या वाद्यवृंदाची सारी वाद्ये मात्र गेली. त्यांचे दुर्दैव एवढ्यावर थांबले नाही. सहाच दिवसांनी लंडनच्या रेनबो थिएटरात एका प्रेक्षकाने त्यांना रंगमंचावरून खाली ढकलले आणि पुढचे अनेक महिने ते चाकांच्या खुर्चीला खिळून राहिले.

डीप पर्पलची मंडळी ही आग पाहत होती. डोंगराकडून उतरणाऱ्या वाऱ्याने धुराचा पट्टा सरोवराच्या पाण्यावर पसरत होता. हे दृश्य डोक्यात ठेवा.

आता या मंडळींपुढे मोठा पेच पडला. ट्रक दारात उभा, दिवस मोजके आणि वाजवायला जागाच नाही. नोब्स यांनी धावपळ करून ‘पॅव्हिलियन’ नावाचे एक जुने नाट्यगृह मिळवून दिले. तेथे पहिल्याच रात्री एका नव्या चालीचे वादन मुद्रित होत असताना शेजारपाजारची झोप उडाली आणि पोलीस आले. ते दार ठोठावत होते आणि आतून वाद्यवृंदाचे कामगार दार दाबून धरून होते, तेवढ्यात वादन एकदाचे पूर्ण झाले. त्या नाट्यगृहात झालेले काम तेवढेच. अखेर हिवाळ्यासाठी बंद असलेले ग्रँड हॉटेल मिळाले. एका थंडगार मार्गिकेत गाद्या उभ्या करून, दिवे टांगून त्यांनी तात्पुरता स्टुडिओ केला. मुद्रित झालेले ऐकायचे तर खोल्या, बाल्कन्या आणि अंगण ओलांडत ट्रकपर्यंत जावे लागे. लवकरच त्यांनी तो नाद सोडून दिला आणि मनाचे समाधान होईपर्यंत वाजवत राहिले. मार्टिन बर्च यांनी ६ ते २१ डिसेंबर या काळात सारे मुद्रण पुरे केले. ज्या तबकडीवर पुढे पिढ्या पोसल्या, ती पंधरवड्यात झाली, तीसुद्धा कुडकुडत.

तबकडीत गाणी सातच. गिटारीच्या माथ्यावर तारा ताणण्यासाठी ज्या खुंट्या असतात त्यांना ‘मशीन हेड’ म्हणतात, आणि हे नाव सार्थ आहे. सदतीस मिनिटांत कोठेही तार सैल पडत नाही. पहिले गाणे ‘हायवे स्टार’. ते कार्यक्रमाला जाताना बसमध्ये जन्मले. गाणी कशी रचता, असे एका पत्रकाराने विचारले, तेव्हा रिची ब्लॅकमोर यांनी उत्तरादाखल गिटार छेडली आणि इयन गिलन यांनी तोंडाला येतील ते शब्द जोडले. त्यातील ब्लॅकमोर यांचा एकल तुकडा बाखच्या धाटणीचा आहे, आणि जॉन लॉर्ड यांचा ऑर्गन त्याला तोडीस तोड उत्तर देतो. लॉर्ड चर्चमध्ये शोभणारा हॅमंड ऑर्गन गिटारीच्या मार्शल ॲम्प्लिफायरमधून वाजवत. त्याने त्या सात्त्विक वाद्याची जी गुरगुर होते, ती म्हणजे डीप पर्पलची ओळख. ‘पिक्चर्स ऑफ होम’मध्ये आजूबाजूच्या बर्फाळ डोंगरांचा एकाकीपणा आहे आणि रॉजर ग्लोव्हर यांच्या बेस गिटारीला क्वचित मिळणारी मोकळीक. ‘लेझी’ हे ऐटबाज ब्लूज. त्यात इयन पेस यांचा ड्रम ऐका; इतका जोर आणि इतका हलका हात एकाच माणसाकडे फार थोड्यांदा असतो. ‘मेबी आय ॲम अ लिओ’ आणि ‘नेव्हर बिफोर’ मला साधारण वाटतात. गंमत अशी की, एकल तबकडी म्हणून प्रथम निवडले गेले ते ‘नेव्हर बिफोर’च. ‘स्पेस ट्रकिन’ने शेवट होतो. ‘व्हेन अ ब्लाइंड मॅन क्राइज’ नावाचे एक सुंदर, संथ गाणे ब्लॅकमोर यांना न रुचल्याने बाहेर राहिले. त्याबद्दल माझा त्यांच्यावर अजून राग आहे.

आणि पाचवे गाणे, ‘स्मोक ऑन द वॉटर’.

त्याची चाल जगातल्या प्रत्येक नवशिक्या गिटारवाल्याने वाजवलेली असते. आपल्या स्वरांत सांगायचे तर सा, कोमल ग, म, आणि दुसऱ्या फेरीत क्षणभर तीव्र म. चार स्वर, बस्स. पण प्रत्येक स्वराच्या खाली मध्यमाच्या अंतरावर दुसरा स्वर वाजतो. चालीतला तो दगडी ठोकळेपणा त्या षड्ज-मध्यम भावातून येतो. आम्ही सारे वर्षानुवर्षे तेथे पंचम लावून वाजवत होतो आणि आपलेच बरोबर समजत होतो.

चाल आधी झाली, शब्द मागून आले. आगीनंतर काही दिवसांनी ग्लोव्हर झोपेतून जागे होताना ‘पाण्यावर धूर’ या अर्थाचे शब्द पुटपुटले. हे अमली पदार्थांचे गाणे वाटेल, अशी शंकाही निघाली. मग त्या नावाखाली घडलेली हकिगत जशीच्या तशी बांधण्यात आली.

आपल्याकडे या प्रकाराला नाव आहे : पोवाडा. अफझलखानाच्या वधावर अज्ञानदासाने रचला, सिंहगडावर तुळशीदासाने. घटना ताजी असताना स्थळे, माणसे आणि त्यांची कृत्ये नावानिशी सांगायची, ही पोवाड्याची रीत. ‘स्मोक ऑन द वॉटर’ नेमके हेच करते. त्यात माँत्रो आहे, सरोवराचा काठ आहे, फिरत्या ध्वनिमुद्रणशाळेचा ट्रक आहे, झापा आहेत, रिकामे थंड हॉटेल आहे. प्रेम नाही, विरह नाही. त्या काळच्या रॉक गाण्यांच्या मानाने हा कोरडा अहवाल आहे.

आता साधन म्हणून त्याची झडती घेऊ. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला तेव्हापासून आपल्याला शिकवण आहे ती हीच : बखर गोड असली तरी अस्सल कागदाशी ताडून पाहा. या गाण्याच्या बाबतीत अस्सल कागद म्हणजे आगीच्या वेळचे मुद्रण. प्रेक्षकांतल्या कोणीतरी ती मैफल टेपवर घेतली होती. ती आधी चोरून विकली गेली आणि १९९२ मध्ये झापा यांनीच आपल्या ‘बीट द बूट्स’ मालिकेच्या दुसऱ्या भागात ती अधिकृतपणे आणली. गाण्यातली आगीची हकिगत या साक्षीला उतरते.

पण प्रत्येक शाहीर काही गाळतो. गाण्यात तारीख नाही. पिस्तूल झाडणाऱ्याला एक शिवी मिळते, नाव नाही. आणि पॅव्हिलियनचा उल्लेखच नाही. कॅसिनो जळाला, वेळ निसटू लागला, मग हॉटेल, अशी सरळ उडी आहे. आता गंमत पाहा. पोलीस दार ठोठावत असताना जे वादन मुद्रित झाले, ते याच गाण्याचे होते. म्हणजे ज्या जागेत गाणे जन्मले, तिचाच उल्लेख गाण्यात नाही. दार दाबून धरणाऱ्या कामगारांचाही नाही.

एक नाव मात्र आहे : क्लोद. आगीत आतबाहेर धावत पोरांना बाहेर ओढून काढणारा क्लोद. दोन ओळींत तो येतो आणि जातो. नोब्स पुढे सांगत की, हे गाणे त्यांनी सर्वांआधी ऐकले आणि तबकडीत ते घेणार नाही म्हणणाऱ्या मंडळींना वेड्यात काढले. ही आठवण गाणे जगभर गाजल्यानंतरची आहे, तेव्हा ती चवीपुरतीच घ्यावी. १९७३ मध्ये अमेरिकेत ते एकल तबकडी म्हणून निघाले आणि चौथ्या क्रमांकापर्यंत चढले. कॅसिनो १९७५ मध्ये पुन्हा उभा राहिला. नोब्स यांनी महोत्सव मरेपर्यंत चालवला. जानेवारी २०१३ मध्ये ते गेले, तेव्हा जगभरच्या मृत्युलेखांत त्या दोन ओळींची आठवण निघाली.

आता माझा हिशेब.

१९९४ च्या हिवाळ्यात आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात आग लागली. रंगमंचाच्या बाजूचा हॅलोजन दिवा पडद्याला टेकला, पडद्याने थर्मोकोलची सजावट पेटवली आणि काळा धूर सभागृहात उतरला. पुढचा दरवाजा एकच, आणि त्यात सारे अडकलेले. मागच्या जाळीच्या दाराला कुलूप होते. आमचे शिपाईमामा कोठून तरी किल्ल्यांचा जुडगा घेऊन धावत आले, ते दार उघडले आणि मग आत शिरून, मनगटाला धरधरून, मुलामुलींना बाहेर काढू लागले. माझे मनगट त्यांनी धरले होते. ते किती वेळा आत गेले हे मी मोजले नाही. एका मुलाचा हात मोडला; बाकी सगळे धडधाकट घरी गेलो.

त्या वर्षी मी वार्षिकांकाच्या संपादक मंडळात होतो आणि संमेलनाचा वृत्तान्त माझ्याकडे होता. मी आगीवर दोन पाने लिहिली. संस्थेची नाचक्की होईल, थोडक्यात आटपा, असे वरून सांगण्यात आले. मी आटपले. छापून आलेले वाक्य मला पाठ आहे : ‘तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रमात काही काळ व्यत्यय आला.’ त्याखाली मान्यवरांचे आभार, पदांसहित, पूर्ण नावांनी. मामांचे नाव नव्हते. सांगायला लाज वाटते, माझ्या मूळ दोन पानांतही ते नव्हते. तेथेही मी ‘शिपाईमामा’ असेच लिहिले होते. तीन वर्षे त्यांच्या हातून मी पाणी प्यायलो, ओळखपत्रावर शिक्के मारून घेतले आणि त्यांना नाव असेल हे माझ्या डोक्यात आले नाही.

त्याच वर्षांत वसतिगृहाच्या गच्चीवर ‘स्मोक ऑन द वॉटर’ आमचे रोजचे वाजवणे होते. कॅसेट इतकी घासलेली की शब्द धड कळत नसत, आणि आम्हाला कळून घ्यायचेही नव्हते. आम्हाला ते चार स्वर पुरत. पुढे कितीतरी वर्षांनी, शब्द समोर ठेवून, मी ते गाणे प्रथमच नीट ऐकले. क्लोदच्या दोन ओळींपाशी आलो आणि गाणे थांबवले.

त्यानंतर एकदा सुट्टी काढून महाविद्यालयात गेलो. सभागृह नवे झाले आहे. वार्षिकांकाची फाईल ग्रंथालयात आहे, माझे वाक्य जागेवर आहे. कार्यालयातील कारकुनाने जुने हजेरीपट काढून दिले, चहाही पाजला. १९९४ च्या हजेरीपटावर शिपायांची नावे चार. चारही मी वहीत उतरवून घेतली, वडिलांच्या नावांसकट. त्यांपैकी दोघे वारले आहेत, एक गावी परतले, चौथ्यांचा पत्ता लागला. त्यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, “आगीच्या दिवशी मी रजेवर होतो. पण किल्ल्या कुणाकडं असायच्या ते आठवावं लागंल. पुन्हा एकदा या.”

येत्या दिवाळीत जाणार आहे.