टिपरू माझ्या हातात होतं तेव्हा

सात वर्षं मी पुण्यातल्या एका पथकात ढोल वाजवला. जुलै लागला की संध्याकाळी सहाला मुठेच्या नदीपात्रात सराव सुरू व्हायचा, तो थेट गणपतीपर्यंत. कमरेला ढोल आवळून टिपरू हातात घेतलं की दिवसभराचा शीण कुठल्या कुठे जायचा.

एकदा समोरच्या इमारतीतल्या काकू आल्या. "मुलाची सीएची परीक्षा आहे गं, थोडं लवकर थांबवाल का?" मी घाम पुसत म्हटलं, "काकू, ज्याला अभ्यास करायचा असतो तो रेल्वेच्या फलाटावरही करतो." त्या काही न बोलता गेल्या. दहाच्या आत थांबायचो, मग आमचं काय चुकलं? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली रात्रीची वेळ आम्हाला पाठ होती. त्याच नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, ती कुणी पाहिलीच नव्हती.

पुढे पाठ दुखायला लागली, पथक सुटलं. आता मी घरीच मुद्रितशोधन करते. घर नदीकाठचं. गेल्या पावसाळ्यात हातमागावरच्या एका पुस्तकाची प्रुफं हातात होती आणि सहा वाजले की ढोल. ताल चुकला की ते थांबत, मला हायसं वाटे, आणि तोच तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू. ओळीखाली बोट धरून एकच ओळ चारदा वाचायची. खिडक्या लावल्या, कानात कापूस घातला, तरी ठोका टेबलावर टेकलेल्या कोपरातून आत येई. नऊनंतर काम उरकू म्हणायचे, तर शांततेतही डोकं चालायचं नाही. आईशी फोनवरही तुटक बोलायचे. पुस्तक छापून आलं तेव्हा 'सूत'चं 'सुत' अकरा ठिकाणी तसंच राहिलेलं. सुताच्याच पुस्तकात! लेखकाची माफी मागताना मला रडू आलं.

त्यानंतर डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग वाचनात आले. १९७२ सालच्या त्यांच्या पुस्तकात ते आहेत. लोकांना मोठा गोंगाट ऐकवला आणि तो थांबल्यावर कामं दिली. त्यातलं एक चक्क मुद्रितशोधनाचं. ज्यांना आवाज अवचित, कधीही ऐकू येत होता, त्यांच्या चुका जास्त सुटल्या आणि अवघड कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. काहींना आवाज बंद करायचं बटण दिलं होतं. ते जवळपास कुणी दाबलं नाही, तरी ही माणसं कमी चुकली. थांबवणं आपल्या हातात आहे, एवढ्याने फरक पडला होता.

मी वाचता वाचता थांबले. सात वर्षं ते बटण माझ्याकडे होतं. काकूंच्या मुलाकडे नव्हतं, आणि मी त्याच्या जिद्दीला नावं ठेवली.

ढोल मला आजही प्रिय आहे. पण 'ज्याला करायचं तो करतोच' हे वाक्य मी मागे घेते. यंदा पथकातल्या मुलांना भेटले. आठवड्यातून दोन दिवस सराव नाही, बाकीचे दिवस साडेसातला बंद, आणि हे वेळापत्रक आसपासच्या प्रत्येक इमारतीत लावायचं, एवढं त्यांनी कबूल केलं. पहिला कागद मीच काकूंच्या फाटकावर चिकटवला. त्या आता तिथे राहत नाहीत, असं रखवालदाराने सांगितलं.