ताप उतरल्यानंतर

सर्दी सांगून येते. आधी घसा खवखवतो, नाक चोंदतं, शिंका सुरू होतात आणि मग आपण म्हणतो, सर्दी झाली. फ्लू असा येत नाही. सकाळी धडधाकट असलेला माणूस दुपारचा चहा घेता घेता कप खाली ठेवतो. पाठीतून शिरशिरी जाते, मांड्या भरून येतात, डोळे नुसते बाजूला वळवले तरी दुखतात. दिवेलागणीला तो अंथरुणात असतो, अंगावर दोन पांघरुणं घेऊन, आणि तरीही हुडहुडी थांबत नाही. हा ताप ज्यांना येऊन गेलाय त्यांना विचारून बघा. तो कधी सुरू झाला, तेव्हा आपण काय करत होतो, हे बहुतेकांना नेमकं आठवतं.

आमच्या पुण्यात त्याचे दोन हंगाम. एक पावसाळ्यातला आणि दुसरा थंडी सरतानाचा, जानेवारी ते मार्चमधला. मला गाठलं ते श्रावणात. कितीतरी दिवस ऊन पडलं नव्हतं, दोरीवरच्या कपड्यांना कुबट वास येत होता, खिडकीखालच्या भिंतीला ओल धरली होती. येणारा जाणारा म्हणायचा, हवाच अशी आहे, तुला उदास वाटणारच. पण श्रावण मला कधी उदास करत नाही. माझा तो आवडता महिना. हे मळभ आतून आलेलं होतं, आणि त्याच्याबद्दलच मला लिहायचं आहे. तापाबद्दल आपण बोलतो, खोकल्याबद्दल बोलतो, कोणत्या डॉक्टरांचं औषध लागू पडलं ते आवर्जून सांगतो. त्या दिवसांत मनाचं काय झालं, हे मात्र कोणी विचारत नाही आणि आजारी माणूसही सांगत नाही.

अंगदुखी सोसता येते. पॅरासिटामॉल घेतली की तासाभरात ठणका कमी होतो, डोळा लागतो. सोसवत नाही ती रात्री अडीच-तीनला येणारी जाग. ताप थोडा उतरलेला, अंग घामाने चिंब. उशाशी तांब्या-भांडं, बामची बाटली, गोळ्यांची अर्धी फोडलेली पट्टी. ओला अभ्रा गालाला गार लागतो आणि तो बदलायला उठण्याचं त्राण नसतं. अशा वेळी एकेक गोष्ट समोर यायला लागते. आईचं शेवटचं आजारपण. कित्येक वर्षांपूर्वी न भांडताच तुटलेली एक मैत्री. लेकीचं लग्न होऊन ती गेल्यावरचं घर. एवढी वर्षं जे लिहिलं, शिकवलं, त्याचं कोणाला काय? असे विचार एरवीही येतात. पण एरवी त्यांच्याशी वाद घालता येतो. त्या रात्रींमध्ये वाद घालणारं कोणी आत उरलेलंच नव्हतं. जे वाईट सुचेल ते खरं वाटायचं, आणि ते आपल्याला नेहमीच ठाऊक होतं असंही वाटायचं.

एका दुपारी लेकीने मऊभात आणला. वर तूप आणि मेतकूट. वाटीच्या बाहेरच्या कडेला भाताचं एक शीत चिकटलं होतं. ते तिने बोटाने निपटून घेतलं, बोट पदराला पुसावं तसं ओढणीला पुसलं आणि वाटी माझ्यापुढे धरली. तेवढ्यावरून मला रडू फुटलं. "आई, खूप दुखतंय का गं?" ती घाबरून म्हणाली. दुखत नव्हतं. काय होत होतं ते तिला सांगायला माझ्याकडे त्या वेळी काहीच नव्हतं.

बरी झाल्यावर मी हे वाचत गेले. जे हाती लागलं त्याने मला एवढा दिलासा दिला की ते इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फ्लूचा विषाणू श्वासमार्गातच मुक्काम करतो. नाक, घसा, श्वासनलिका, आणि आजार बळावला तर फुप्फुसं. एरवी तो त्यापलीकडे सहसा जात नाही. गुडघे ठणकतात, पण गुडघ्यात तो नसतो. पिंढऱ्यांत नसतो, डोळ्यांमागे नसतो. दुखतं ते आपल्याच शरीराने सोडलेल्या निरोपांमुळे. विषाणू आलाय हे कळताच पेशी रक्तात काही प्रथिनं सोडतात. इंटरफेरॉन, इंटरल्युकिन अशी त्यांची नावं. हे निरोप मेंदूपर्यंत जातात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा जो भाग शरीराचं तापमान राखतो, तो ते तापमान वर नेऊन ठेवतो, आणि तिथवर अंग तापेपर्यंत आपल्याला थंडी वाजत राहते. म्हणून कपाळ भाजत असताना दात वाजतात. पॅरासिटामॉलने ते ठरवलेलं तापमान खाली येतं आणि मग घाम सुटतो. हेच निरोप मेंदूच्या आणखी काही भागांना पोचतात. भूक मंदावते, झोपेचं वेळापत्रक बिघडतं, माणसांचा कंटाळा येतो, आवडत्या गोष्टीतली गोडी जाते. माझा श्रावण माझ्याकडून तसा काढून घेतला गेला होता.

इंटरफेरॉनची गोष्ट मला विशेष वाटते. 1957 मध्ये लंडनमध्ये अ‍ॅलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघांना ते सापडलं, आणि सापडलं तेही फ्लूच्याच विषाणूवर काम करताना. कोंबडीच्या अंड्यातल्या पडद्यावर निकामी केलेला विषाणू घातला, तर त्या पेशी असं काहीतरी सोडतात की नंतर आलेल्या जिवंत विषाणूला तिथे वाढता येत नाही. पुढे हेच द्रव्य औषध म्हणून तयार झालं आणि हिपॅटायटिस सीच्या रुग्णांना महिनोन्‌महिने टोचलं जाऊ लागलं. इंजेक्शन घेतल्यावर त्यांना थंडी वाजायची, ताप यायचा, अंग मोडून यायचं. फ्लूचा विषाणू अंगात नसताना फ्लूच. आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना काही आठवड्यांत नैराश्याने घेरलं. हसती-खेळती माणसं भिंतीकडे तोंड करून पडू लागली. अखेर डॉक्टरांना यकृताबरोबर रुग्णाच्या मनावरही लक्ष ठेवावं लागलं, काहींना तर आधीपासूनच नैराश्यावरची गोळी द्यावी लागली. हे वाचलं तेव्हा रात्री अडीचची ती खोली मला पुन्हा दिसली. तिथे जे मला माझं, माझ्या आयुष्याचं सत्य म्हणून दिसत होतं, त्यातला केवढा तरी भाग रक्तात उतरलेल्या एका प्रथिनाचा होता.

जनावरांना हे ठाऊक आहे म्हणावं, इतकं ती ते निमूट पाळतात. बैलाने रवंथ सोडला की शेतकरी ओळखतो, जनावराला बरं नाही. आजारी मांजर स्वतःला चाटायचं सोडून देतं, केस पिंजारलेले ठेवून पलंगाखाली अंधारात जाऊन बसतं, आवडीचं दूध पुढे ठेवलं तरी तोंड फिरवतं. कॅलिफोर्निया विद्यापीठातले पशुवैद्यकाचे अभ्यासक बेंजामिन हार्ट यांनी 1988 मध्ये यावर एक निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की हे खंगणं, एकटं राहणं ही शरीराची हार नसून त्याने आखलेलं वागणं आहे. ताप चढता ठेवायला पुष्कळ शक्ती लागते, म्हणून हिंडणं बंद, खाणं शोधणं बंद, सगळी शिल्लक त्या एका कामाला. मला हे पटतं. फरक एवढाच की मांजर पलंगाखाली बसून आपल्या गेल्या वीस वर्षांचा हिशोब मांडत नाही. माणूस मांडतो. शरीराने गप्प पडायला सांगितलेलं असतं, आणि मन त्या गप्प पडण्याचा अर्थ लावत बसतं.

या अर्थ लावण्याने किती घरांत काय काय झालं असेल! 10 जून 1918 ला मुंबईत पोलीस दलातले सात शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यांच्यातल्या एकाची नेमणूक गोदीत होती. फ्लूच्या त्या मोठ्या साथीची ती पहिली लाट तशी सौम्य होती. पाऊस दगा देऊन गेला, आणि सप्टेंबरात ताप परतला तो काळ होऊन. 6 ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत 768 माणसं गेली. देशभरात एक कोटीहून जास्त. हे आकडे आपण वाचतो आणि त्यातच थांबतो, ते साहजिकही आहे. पण त्या साथीत जास्त माणसं वाचली होती. ताप येऊन बरी झालेली, आणि उठून बसली तर घरातलं कोणीतरी गेलेलं. त्यांच्या दुःखात तापाने मागे ठेवलेली उदासी किती मिसळली असेल, हे कुठल्या नोंदवहीत आलं नाही. त्याआधीच्या 1889-90 च्या साथीनंतर युरोपातल्या डॉक्टरांनी तेवढं लिहून ठेवलं होतं: ताप जातो आणि खिन्नता राहते. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फला फ्लूने अनेकदा आडवं पाडलं. 1926 मध्ये आजारपणावर निबंध लिहिताना तिने विचारलं होतं की प्रेम, युद्ध, मत्सर यांच्या जोडीला साहित्यात आजारपणाला जागा का नाही. त्याला शंभर वर्षं होत आली, प्रश्न तसाच आहे. पुण्यात 2009 च्या ऑगस्टमध्ये, स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी इथेच गेला तेव्हा, शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे रांगा लागल्या, ज्याला मास्क मिळाला नाही तो रुमाल बांधून फिरू लागला. त्या दिवसांतली भीती पुणेकराला आजही आठवते. बरे झालेल्यांपैकी कोणाला नंतर कसं वाटत होतं हे मी तेव्हा कोणाच्या तोंडून ऐकलं नाही.

ताप तीन-चार दिवसांत उतरतो. थर्मामीटर अठ्ठ्याण्णव दाखवतो आणि घर सुटकेचा श्वास टाकतं. आजाऱ्याची खरी एकटी वेळ इथून सुरू होते, कारण आता तो कोणाच्याच लेखी आजारी नसतो. खोकल्याची ढास दोन-दोन आठवडे टिकते, जिना चढला की धाप लागते, दोन ओळी वाचल्या की तिसरी डोक्यात शिरत नाही, आणि मन ओल्या कापडासारखं जड होऊन पडलेलं असतं. ऑफिसातून विचारणा येते, कधी येताय? घरात कोणीतरी प्रेमानेच म्हणतं, "आता जरा बाहेर पड, पडून पडून आणखी आजारी पडशील."

मला या दिवसांत सांभाळलं ते माझ्या सासूबाईंनी. त्या गुहागरकडच्या. इंटरफेरॉन त्यांनी कधी ऐकलेलं नाही. त्यांनी घरात सांगून टाकलं, "ताप गेलाय, पण कसर आहे अंगात. तिला आठ दिवस काही विचारायचं नाही." सकाळी उकड्या तांदळाची पेज, त्यात मीठ आणि तुपाचा थेंब, सोबत मुरलेल्या लिंबाची एक फोड. मग त्या माझ्या पलंगाशी खुर्ची ओढून कापसाच्या वाती वळत बसायच्या. तळहातावर बोटभर कापूस, दोनदा पुढे, एकदा मागे, आणि वात डब्यात. कसं वाटतंय, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. गुहागरला पाऊस किती, कोणाच्या आगरात माड पडला, कोणाच्या मुलीचं जमलं, हे आपलं सांगत राहायच्या. उत्तर द्यावं लागत नसे. रडू आलं तर त्या वातींकडे बघत, आणि थांबलं की पुढचं सांगत. आजाऱ्याजवळ कसं बसावं याचं एवढं शहाणपण मी दुसऱ्या कोणात पाहिलेलं नाही.

चव परतली ती गोड्या मसाल्याच्या वासाने. सासूबाई स्वयंपाकघरात मसाला भाजत होत्या आणि चक्रीफुलाचा गोडसर, तिखट वास खोलीपर्यंत आला. फ्लूवर जे ओसेल्टामिविर देतात, ते बनवायला लागणारं शिकिमिक आम्ल याच चक्रीफुलातून काढत आले आहेत. मसाल्यातलं चक्रीफूल खाऊन फ्लू बरा होत नाही, आणि ते औषधही डॉक्टरांनी दिलं तर आणि पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत घेतलं तर सर्वाधिक उपयोगाचं. पण तो वास आला आणि मला आमटी खावीशी वाटली. किती दिवसांनी काहीतरी हवंसं वाटलं होतं!

सगळ्यांचंच असं आपोआप सरत नाही. महिना लोटला तरी उदासी हलत नसेल, किंवा जगणंच नकोसं वाटू लागलं असेल, तर तापाचं म्हणून अंगावर काढू नये. डॉक्टरांना सांगावं, अगदी याच शब्दांत.

आणि सगळ्यांना सासूबाई मिळत नाहीत. माझ्यामागून आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंना ताप आला. दोन दिवस त्या गोळी घेऊन चार घरची कामं करत होत्या. मी त्यांना आठवडाभराची पगारी सुट्टी घ्यायला लावली. सुट्टी संपवून आल्या त्या काळवंडलेल्या चेहऱ्याने. मोरीपाशी भांडी ओढून घेत म्हणाल्या, "ताई, ताप गेला, पण घरी पडल्या पडल्या नुसतं रडू यायचं. काही कारण नाही. ह्यांच्याशी भांडले, पोरीला मारलं. असं मी कधी करत नाही." मी त्यांना जमेल तसं सांगितलं, की हे तापाचंच असतं, तुमच्या स्वभावाचं नाही, ताप गेल्यावरही थोडे दिवस राहतं. त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. "मग हे डॉक्टर का नाही सांगत गोळ्या देताना?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी हात पुसले, पिशवीतला फोन काढला आणि नंबर लावून माझ्या हातात दिला. "एवढं आमच्या ह्यांना सांगा. माझं नाही ऐकायचे."

मी सांगितलं. पलीकडून थोडा वेळ नुसता रस्त्याचा आवाज येत राहिला. मग त्यांनी विचारलं, "किती दिवस राहील हे, ताई?"

"अजून आठवडाभर तरी धरा," मी म्हटलं. "तोवर संध्याकाळचा स्वयंपाक तुम्ही बघा, आणि तिला का रडतेस असं विचारू नका."