आधी नळी, मग सोल्डर

तारा जोडणाऱ्या माणसाला एक क्रम पाळावाच लागतो. आधी तारेवर नळी ओवायची, ती मागे सरकवून ठेवायची, मग जोड द्यायचा आणि जोड गार झाला की नळी पुढे आणून त्यावर बसवायची. एकदा जोड झाला की नळीला आत शिरायला वाटच उरत नाही. हा क्रम मी शाळेत असतानाच शिकले. हीट श्रिंक नावाची, उष्णतेने आकसणारी नळी तेव्हा आमच्या घरात कोणी पाहिलेलीही नव्हती.

आमच्या अण्णांचं कऱ्हाडात मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. उन्हाळा लागला, व्होल्टेज पडू लागलं की विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींची दाराशी रांग लागे. तांब्याचे वेढे स्टेटरच्या खाचांत बसले की अण्णा टोकांवर वार्निश पाजलेली सुती स्लीव्ह चढवत. तिचे तुकडे कापून देणं माझ्याकडे असे. ती स्लीव्ह जोडाला धरून राहत नसे, म्हणून अण्णा ती दोऱ्याने आवळून बांधत आणि वरून पुन्हा वार्निश देत. मोटर बंद झाली की आतलं कोणालाच दिसणार नसे, पण दोऱ्याची गाठ मात्र ते प्रत्येक वेळी एकाच बाजूला आणत. ‘पुढचा उघडेल तेव्हा त्याला शोधावं लागू नये,’ एवढंच त्यांचं म्हणणं.

डिप्लोमासाठी पुण्यात आल्यावर तापकीर गल्लीत मीटरवर मिळणारी काळी गुळगुळीत नळी हाती आली. गरम हवेचा झोत लागताच ती जोडावर आवळून बसली. ना दोरा, ना वार्निश. मला अण्णांची बोटं आठवली आणि हे घडतं कसं, याचा शोध घ्यावासा वाटला.

नळी असते पॉलीओलेफिनची. ती आधी बारीकच घडवतात. मग तिच्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा करतात, त्यामुळे प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना आडव्या जोडल्या जातात. नंतर ती तापवून फुगवतात आणि फुगलेली असतानाच थंड करतात. पुन्हा 120 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता मिळाली की आडव्या जोडण्या तिला मूळ मापाकडे खेचून आणतात. इंग्लंडमधल्या हारवेल इथे आर्थर चार्ल्सबी यांनी 1950च्या दशकात किरणोत्साराने पॉलीथिनच्या साखळ्या जोडल्या जातात हे अभ्यासलं आणि 1957 साली पॉल कुक यांनी कॅलिफोर्नियात सुरू केलेल्या रेकेम कंपनीने त्यातून धंदा उभा केला. नळी आकसते म्हणजे स्वतःच्या जुन्या मापावर परतते, हे कळल्यापासून मी ती जास्त निगुतीने वापरू लागले.

नोकरी लागली ती कॉम्प्युटर जोडणीची. कॅबिनेटच्या आत तेव्हा राखाडी रंगाच्या रुंद रिबन केबली आणि पॉवर सप्लायमधून निघालेला पिवळ्या, लाल, काळ्या तारांचा गुंता असे. पुढे काचेच्या बाजूचे कॅबिनेट आले, आतलं दिसू लागलं, आणि गिऱ्हाइकं तारांना विणलेली स्लीव्ह घालून मागू लागली. ते काम मी मागून घेत असे.

ते असं चालतं. सप्लायचा प्लग भिंतीवरच्या सॉकेटमधून काढायचा, थोडा वेळ जाऊ द्यायचा. सप्लायचा डबा मात्र उघडायचा नाही. मदरबोर्डच्या 24 खाचांच्या कनेक्टरचं चित्र कागदावर काढून कोणत्या खाचेत कोणता रंग ते लिहायचं, कारण काळी स्लीव्ह चढली की रंग झाकले जाणार. 20 क्रमांकाची खाच बहुधा रिकामी असते. 13 क्रमांकाच्या नारिंगी तारेसोबत त्याच पिनमध्ये आणखी एक बारीक तार असते, तिला मोठ्या मापाची नळी लागते. स्टेपलरच्या दोन पिना खुपसून धातूचे पंख दाबले की पिन सुटून बाहेर येते. स्लीव्ह ओवायची, तिच्या टोकावर नळीचा छोटा तुकडा अर्धा स्लीव्हवर, अर्धा तारेवर येईल असा ठेवायचा. तुकडा थोडा लांब कापायचा, कारण नळी लांबीतही किंचित आखडते. हीट गन सतत फिरती ठेवायची. एका जागी थांबली तर खालचं इन्सुलेशन मऊ पडतं. लायटरने काम होतं, पण काजळी धरते. सगळे तुकडे एका मापाचे असले की कनेक्टरपाशी एक सरळ काळी रेघ उमटते.

स्लीव्ह घातल्याने कॉम्प्युटर जलद होत नाही. पत्र्याच्या धारेवर तार घासत नाही, पंख्यात अडकत नाही, आणि कुठली तार कुठे जाते हे एका नजरेत कळतं. मला शेवटचा लाभ सर्वांत मोलाचा वाटतो. दुरुस्तीला आलेलं यंत्र उघडताच आधी हात लावणाऱ्याने आपला विचार केला होता की नाही, हे लगेच समजतं. त्या माणसाची आणि आपली भेट कधी होत नाही, पण त्याच्या नीटसपणामुळे आपला वेळ वाचतो, कधी बोटंही वाचतात.

आता रस्त्यावर वीजकेबलचा खड्डा दिसला की मी थांबते. तिथे दंडाएवढी जाड नळी गॅसच्या ज्योतीवर आकसवतात, आतून वितळणारा गोंद पाण्याला वाट ठेवत नाही, आणि माती पडली की तेही काम वर्षानुवर्षं कोणाला दिसत नाही. तिथलाही क्रम तोच, नळी आधी.

म्हणून सोल्डरिंग गन नव्याने हातात घेणाऱ्यांना माझं सांगणं आहे. जोड देण्याआधी नळी कापा, ओवा, मागे सारून ठेवा. आणि झाकण लावण्यापूर्वी एकदा आत बघून घ्या, पुढे हे उघडणाऱ्याला तुमचं काम न विचारता समजेल का.