ओळंबा

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेला पितळी किंवा लोखंडी गोळा आणि त्याच दोरीत ओवलेला लाकडी ठोकळा. दोघांची रुंदी सारखी. ठोकळा भिंतीच्या माथ्याशी टेकवून गोळा खाली सोडला की तो भिंतीला जेमतेम शिवला पाहिजे. मध्ये फट दिसली तर भिंत बाहेर झुकलेली, गोळा भिंतीवर रेलला तर आत. धुळ्यातल्या बिगाऱ्याच्या हाती तो येतो घमेली वाहण्यात काही वर्षे गेल्यावर. शिकवत कोणी नाही. मिस्त्री वाकडी भिंत पाडायला लावतो, तेवढाच धडा.

हाच बिगारी पुढे गवंडी आणि मग मुकादम झाला की ओळंबा पिशवीत जातो आणि हातात हजेरीची वही येते. आता डोक्यात भिंत नसते, कामांचा क्रम असतो. स्लॅब भरायच्या आधी वायरमनने पाइप टाकले का? सेंट्रिंगवाला दुसऱ्या साइटवर तर पळाला नाही ना? विटकाम एका दिवसात दीड मीटरच्या वर चढवायचे नसते. काँक्रीटवर निदान 7 दिवस पाणी मारावे लागते, आणि मे महिन्यात धुळ्याचा पारा चाळिशीपार असताना त्यात कसूर झाली की तडे ठरलेलेच. बांधकाम व्यवस्थापन बरेचसे एवढेच आहे. कुठे, किती आणि कोणासाठी थांबायचे, त्याचा हिशेब.

थांबायचे की नाही, हा प्रश्न धुळ्याच्या पांझरा नदीकाठी जुना आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक म्हणजे दातर्तीच्या पाटासाठी घातलेला नळांचा सायफन. पुरामुळे काम पावसाळ्यानंतर करावे असे त्यांचे मत पडले. वरिष्ठांना ते रुचले नाही, तेव्हा विश्वेश्वरय्यांनी काम पुरे करून दाखवले. कोणते काम कशासाठी थांबते हे कागदावर मांडणारी ‘क्रिटिकल पाथ’ पद्धत अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीच्या कामातून आकाराला आली ती 1957च्या सुमारास.

मुकादमाला मास्तर व्हायचे तर आधी कागद जमवावे लागतात. पॉलिटेक्निकात व्याख्याता व्हायला अभियांत्रिकीची पदवी हवी, म्हणजे डिप्लोमापासून सुरुवात, तीही चाळिशीच्या आसपास पोरांच्या बाकावर बसून. पण खरी अडचण त्यानंतरची. हाताला जे कळते ते तोंडाने सांगता येत नाही. ‘अंदाजाने’ हा साइटवरचा हुकमी शब्द वर्गात चालत नाही, तिथे आकडा लागतो. ‘फ्लोट’ची पुस्तकी व्याख्या तो स्वतःच दोनदा अडखळत वाचतो. मग पुस्तक मिटून फळ्यावर वायरमन काढतो. हा गडी किती दिवस उशिरा आला तरी स्लॅबची तारीख ढळत नाही? तेवढे दिवस म्हणजे फ्लोट. अहिराणीत सांगितले की मागच्या बाकांनाही पटते. पदवीच्या जोरावर थेट वर्गात आलेल्याला हा वायरमन सहसा सुचत नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी पिशवीतला ओळंबा पुन्हा बाहेर निघतो. सरावाची भिंत सिमेंटऐवजी मातीच्या गाऱ्यात बांधतात. ओळंब्यात नसली तर ती पाडायची, विटा साफ करायच्या आणि पुन्हा रचायच्या.