स्टुलावरचा ठेका

परवा मित्राकडे ‘जेनेसिस’च्या मैफलीची डीव्हीडी पाहिली. १९६७ साली इंग्लंडात जमलेला हा रॉक वाद्यवृंद. मैफल रोमची, १४ जुलै २००७ ची. समोर माणसांचा महापूर. निम्मी गाणी डोक्यावरून गेली, खोटे कशाला सांगू? पण फिल कॉलिन्स आणि चेस्टर थॉम्पसन साध्या स्टुलांवर काठ्या वाजवू लागले, तेव्हा मी जागचा हललो नाही.

मित्र म्हणाला, “पुढे मानेच्या मणक्याने दगा दिला, याला काठी धरवेना. २०२२ च्या निरोपाच्या मैफलीत हा खुर्चीत बसून गायला. ड्रमवर मुलगा होता.”

आमच्या अण्णांचा तबला तीन वर्षे खोळीत आहे. बोटे थरथरतात, म्हणून हात लावत नाहीत. रात्री जेवताना मी टेबलावर ठेका धरला.

“सम चुकलास,” अण्णा म्हणाले, आणि ताटाच्या कडेवर त्यांनी ती दाखवली.