मोर्तब आणि किल्ली

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाच्या परिसरात वकिली करणारी मंडळी एखाद्या जुन्या ई-मेलची शहानिशा करवून घेण्यास माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांच्या हाती बहुधा छापील कागद, नाहीतर मोबाइलवर टिपलेला स्क्रीनशॉट असतो. आणि ज्या ओळींवर माझा सारा व्यवसाय चालतो, नेमक्या त्याच ओळी त्यावर उमटलेल्या नसतात. २००७ साली प्रमाणरूप पावलेली डीकेआयएम ही स्वाक्षरी पाठवणाऱ्या संस्थेचा सर्व्हर संदेशाच्या शिरोभागी परस्पर जोडतो: 'डी'पुढे डोमेन, 'एस'पुढे किल्लीचे नाव, 'बीएच'पुढे मजकुराचा हॅश आणि 'बी'पुढे खासगी किल्लीने केलेली सही. मूळ फाइल जशीच्या तशी उतरवून आणली तरच ती पडताळता येते. फॉरवर्ड केलेली प्रत म्हणजे निराळाच दस्तऐवज.

शिवकालीन पत्रांच्या अखेरीस 'मर्यादेयं विराजते' हे मोर्तब उठत असे, आणि त्याच्या खाली कोणी काही घुसडले तर ते मोर्तबाबाहेरचे म्हणून तत्काळ उघडे पडे. डीकेआयएमच्या कर्त्यांनी मात्र 'एल' नामक एक सवलत ठेवली, जिच्यायोगे सही मजकुराच्या अमुक बाइटांपर्यंतच लागू होते आणि त्यापुढे जोडलेल्या मजकुरासह पडताळणी बिनदिक्कत उत्तीर्ण होते. ही सवलत मुळात द्यायलाच नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून बिकट प्रश्न किल्लीच्या आयुष्याचा. पडताळणीची सार्वजनिक किल्ली संदेशात नसते; ती त्या डोमेनच्या डीएनएस नोंदींत असते, आणि संस्था किल्ल्या बदलून जुन्या नोंदी काढून टाकतात, तसे त्यांनी करावेही. परिणामी काही वर्षांपूर्वीच्या ई-मेलवर सही शाबूत असूनही ती तपासण्याचे साधनच नाहीसे झालेले असते. एवढ्यावरून तो ई-मेल बनावट ठरवणे हा निव्वळ उतावीळपणा होय. म्हणून वादाची चाहूल लागताच संदेशाबरोबर डीएनएसची नोंदही तारखेनिशी जतन करावी, असे मी प्रत्येक अशिलास बजावतो. उलटपक्षी, ५१२ बिटांच्या जुन्या किल्लीने सही जुळली म्हणून हुरळूनही जाऊ नये, कारण तेवढी किल्ली आज कोणीही फोडू शकतो.

जालना मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खोतकर-गोरंट्याल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, मूळ उपकरणच हजर केले नसेल तर, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील नमुन्यात तर हॅशही नमूद करावा लागतो. परंतु मला अधिक मार्मिक वाटते ते कलम ९०. ई-मेलचा मजकूर पाठवण्यासाठी संगणकात भरलेल्या मजकुराशी जुळतो, असे न्यायालयास गृहीत धरता येते; तो कोणी पाठवला, याविषयी मात्र काहीही गृहीत धरता येत नाही. डीकेआयएमची ग्वाहीही नेमकी इथवरच पोहोचते. म्हणून सही जुळल्याचा अहवाल हाती पडताच विजयी मुद्रेने उठू पाहणाऱ्या वकीलसाहेबांना मी पुन्हा बसवून घेतो आणि विचारतो, की त्या कचेरीत साहेबांचा पासवर्ड आणखी कोणाकोणाला ठाऊक होता.