सवाल टायमिंगचा आहे, बॉस!

पुण्यातला वीकएंड म्हणजे कोरेगाव पार्क नाहीतर सिंहगड, एवढाच तुमचा फंडा असेल तर एक शनिवार नाना पेठेसाठी ठेवा. क्वार्टर गेटकडून आत शिरलं की टू-व्हीलरच्या स्पेअर पार्ट्सची दुकानं सुरू होतात. लटकलेल्या केबल्स, रचून ठेवलेले मडगार्ड, ग्रीस आणि चहाचा मिक्स वास. एसी नाही, पार्किंग तर विसराच! पण जुन्या टू-स्ट्रोकवर जीव असेल तर ही पेठ म्हणजे तुमची पंढरी.

मी गेले ते एका आयटीवाल्या मित्राबरोबर. त्याच्याकडे बाबांची यामाहा आरएक्स १०० आहे. १९८५ मध्ये भारतात आलेली आणि १९९६ मध्ये बंद झालेली ही गाडी फक्त ९८ सीसीची, पण ताकद ११ बीएचपी. म्हणून तर आजही सिग्नलला तिचा आवाज आला की माना वळतात. मित्राला ती डर्ट ट्रॅकवर पळवायची होती. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवायचं, पोर्ट मोठे करायचे, एक्सपान्शन चेंबर लावायचा. ‘‘आणि वर १०० ऑक्टेनचं पेट्रोल टाकलं की गाडी सुसाट!’’ असा त्याचा प्लॅन.

गल्लीतले मेकॅनिक, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, ‘‘पोरा, महाग पेट्रोल म्हणजे जास्त ताकद, हे तुला कुणी सांगितलं?’’

खरंच की, आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत असतं? ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नाही, सहनशक्ती. दाब आणि उष्णता वाढली तरी ठिणगीच्या आधी किंवा भलतीकडेच पेट न घेण्याची ताकद. कंपनी सेटिंगच्या गाडीत १०० ऑक्टेन टाकलं, तर हलका होतो तो फक्त खिसा. (पुण्या-मुंबईत हे पेट्रोल डिसेंबर २०२० पासून मिळतं.) हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं, की मात्र त्याची गरज लागते.

आणि खरी गंमत टायमिंगची. पेट्रोल जळायला वेळ लागतो, म्हणून ठिणगी पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी पडावी लागते. मामांनी प्लग काढून त्या भोकात डायल गेज बसवला आणि पॉइंटमध्ये सिगारेटचा पातळ कागद अडकवला. मॅग्नेट हळूहळू फिरवलं. कागद सुटला तो क्षण म्हणजे ठिणगी! एवढ्या स्ट्रोकच्या इंजिनात पिस्टन वर पोचायला २ मिलिमीटर उरले असतील, तर टायमिंग साधारण २० अंश. ७५०० आरपीएमला इंजिन सेकंदाला १२५ वेळा पेटतं. म्हणजे त्या २० अंशांना वेळ मिळतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. पॉइंटचा गॅप केसभर वाढला तरी ठिणगी आधी पडते.

‘‘आधी पडली तर पिकअप वाढतो ना, मामा?’’ मित्राने विचारलं.

‘‘खालच्या स्पीडला वाढतो. वर गेलास की पिस्टन भाजतो.’’ त्यांनी ड्रॉवरमधून एक पिस्टन काढून आमच्यासमोर ठेवला. माथ्यावर करंगळी जाईल एवढं भोक. वाढलेलं कॉम्प्रेशन, पुढे ओढलेलं टायमिंग आणि कमी ऑक्टेन, हे तिघं एकत्र आले की असंच होतं. उलट वरच्या आरपीएमला टायमिंग थोडं मागे घेतलं, तर उष्णता सायलेन्सरकडे जाते. तिथला वायू तापला की एक्सपान्शन चेंबरमधल्या लाटा वेगाने धावतात आणि गाडी वर अजून ताणते. आहे की नाही भारी?

आता त्यात ई-२० ची भर. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतं हे खरं, पण त्यातल्या ऑक्सिजनमुळे जुन्या कार्ब्युरेटरचं मिश्रण पातळ होतं. पातळ मिश्रण म्हणजे जास्त उष्णता. म्हणून मामा आधी जेट मोठा करतात आणि मग प्लगचा रंग बघतात. कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक, पांढराफटक दिसला तर धोका. त्यावर ॲल्युमिनियमचे बारीक कण चमकले, तर गाडी तिथेच बंद करायची. कारण ऐंशीच्या स्पीडला पिस्टन बोअरमध्ये सीझ झाला की मागचं चाक जागीच लॉक होतं. मुरलेले टू-स्ट्रोकवाले दोन बोटं कायम क्लचवर ठेवतात ती उगाच नाही!

मित्र बराच वेळ गप्प होता. ‘‘बाबांचं इंजिन आहे, मामा. काही झालं तर...’’

‘‘मग ते कशाला कापतोस?’’

तोडगा तिथेच, दोन दुकानं सोडून निघाला. सेकंडहँड बोअर, पिस्टन आणि हेड विकत घेतलं. घासायचं, कापायचं ते यातच. बाबांचा मूळ बोअर आणि हेड तेल लावून, कागदात गुंडाळून घरी गेले. ट्रॅकचा सीझन संपला की परत गाडीला बसतील.

तुम्हीही जाणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनमानी फेरफार केलेली गाडी रस्त्यावर आणता येत नाही, त्यामुळे हे सगळे लाड ट्रॅकपुरतेच. आणि मेकॅनिक निवडताना ‘किती पळेल?’ हे विचारूच नका. ‘टायमिंग कशाने मोजता?’ असं विचारा. जो डायल गेज दाखवेल, त्याच्याकडेच गाडी सोडा!